अभंग म्हणता येतो, मग चहा का मागता येत नाही?

मॅडम, नमस्कार. आम्ही जत तालुक्यातले. माझे मामंजी, सगळे त्यांना तात्या म्हणतात, वय चौसष्ट. घरची डाळिंबाची बाग आहे, पण तात्यांचा जीव बैलांत. चाळीस वर्षं खरसुंडीच्या आणि आसपासच्या बाजारांत बैलांची दलाली केली. सात महिन्यांपूर्वी पहाटे अंगावरून वारं गेलं, उजवा हात-पाय लुळा पडला. मिरजेला नेलं, जीव वाचला. पाय ओढत का होईना चालतात आता, पण बोलणं गेलं. काहीही विचारा, "ते... ते... असं" एवढंच. रागावले की मात्र एक शिवी अशी खणखणीत देतात की शेजारी दारात येतात. आणि परवा एकादशीला घरी भजन होतं, तर तात्यांनी अख्खा अभंग म्हटला, एक शब्द चुकला नाही. तेव्हापासून आत्याबाई म्हणतात, "बोलता येतंय त्यांना, नाटक करालेत."

माझ्या सात वर्षांच्या मुलीला ते 'मोती' म्हणून हाक मारतात. मोती आमचा कुत्रा. ती रुसून बसते. मधेच "नीरु, नीरु" म्हणतात. तात्यांची आई अथणीकडची, घरात कानडी बोलायची. ती जाऊन तीस वर्षं झाली. गावातल्या बायका म्हणतात, म्हातारी अंगात येते. आत्याबाईंनी वेखंड उगाळून जिभेला लावलं, कुणी कबुतराचं रक्त सांगितलं. धाकटे भावजी म्हणतात, डोक्यावर परिणाम झालाय, मान हलवतात तोवर वाटणीचं उरकून घेऊ. डॉक्टरांनी स्पीच थेरपी लिहून दिली होती, पण लांब पडतं म्हणून गेलोच नाही. त्यांना आमचं कळतं का? आणि आता उशीर झाला का?
— एक सून

ताई,

आधी आत्याबाईंच्या त्या 'नाटका'चं बघू, कारण घरातलं निम्मं दुखणं तिथून येतंय. नाटक म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं ते सांगलीतच. पण सात महिने रात्रंदिवस, घशाला कोरड पडली तरी पाणी न मागता कुणी नाटक करत नाही. तात्यांना अफेझिया झालाय. मराठीत त्याला वाचाघात म्हणतात. मला तो शब्द फारसा आवडत नाही, कारण तो ऐकला की लोकांना वाटतं, बिघाड जिभेत किंवा घशात आहे. म्हणूनच आत्याबाईंनी वेखंड उगाळलं. तात्यांची जीभ ठीक आहे. नसती तर अभंग कुठून आला असता?

बिघाड आहे तो डाव्या कानाच्या वर, कवटीच्या आत. उजव्या हाताने कामं करणाऱ्या शंभर माणसांपैकी साधारण पंच्याण्णव जणांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते. डावखुऱ्यांतही शंभरातल्या सत्तरेक जणांची तिथेच. या सगळ्या भागाला रक्त पुरवणारी एक मोठी रक्तवाहिनी आहे, आणि उजव्या हाताची आणि चेहऱ्याची हालचाल चालवणारा मेंदूचा पट्टाही तिच्याच पाण्यावर जगतो. तुमच्याकडे म्हैसाळ योजनेचं पाणी पाटाने येतं. पाट एका जागी तुंबला की त्याच्यावरची सगळी शेतं सुकतात, मग एकात डाळिंब असो नाहीतर दुसऱ्यात ज्वारी. तात्यांचा उजवा हात आणि बोलणं एकाच पहाटे गेलं त्याचं कारण हे. हेच वारं डाव्या अंगावरून गेलं असतं, तर बहुधा बोलणं थोडं बोबडं झालं असतं, पण शब्द जागेवर राहिले असते. बोबडं बोलणं वेगळं आणि शब्दच न सापडणं वेगळं. बोबड्या माणसाला काय म्हणायचंय ते ठाऊक असतं आणि शब्दही ठाऊक असतो, फक्त ओठ-जीभ साथ देत नाहीत. तात्यांना काय म्हणायचंय ते ठाऊक आहे, पण तिथून शब्दापर्यंत जाणारी वाट मोडली आहे.

तुमचं पत्र वाचताना मला एक फार जुना रुग्ण आठवला. पॅरिसजवळच्या एका रुग्णालयात लबोर्न्य नावाचा माणूस एकवीस वर्षं राहत होता. काहीही विचारलं की तो एकच उत्तर देई, "तान, तान." सगळे त्याला तान म्हणूनच ओळखत. त्याचाही उजवा हात आणि पाय निकामी झाला होता. आणि आपलं म्हणणं समोरच्याला कळेना की चिडून तो देवाच्या नावानं एक शिवी हासडायचा, अगदी स्पष्ट. तुमच्या तात्यांसारखाच. १८६१ साली तो पॉल ब्रोका या शल्यविशारदाच्या हाताखाली आला. ब्रोकांनी त्याला विचारलं, इथे किती वर्षं आहेस? त्याने डावा पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस. बरोबर! थोड्याच दिवसांत तो वारला. ब्रोकांनी त्याचा मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूला, कपाळाच्या मागच्या भागात खराबी सापडली. भाषेचा ठिकाणा मेंदूत असतो, हे इतक्या स्पष्टपणे प्रथमच दिसलं. पुस्तकात सगळे तो 'तान' शब्द आणि तो मेंदू लक्षात ठेवतात. मला मात्र दरवेळी ती चार पंजे आणि एक बोट आठवतात. सगळ्यांनी ज्याला वेड्यात काढलं असेल त्याने एकवीस वर्षांचा हिशेब ठेवला होता.

आता अभंगाचं. भजनावरून घरी येणारी बैलगाडी बघितली असेल तुम्ही. निदान आत्याबाईंनी तरी बघितली असेल. गाडीवान पेंगतो, पण बैल घर गाठतात, कारण वाट रोजची आहे. तोंडपाठ अभंग, आरती, एक ते शंभर अंक, वारांची नावं, रामराम, शिवी, या सगळ्या रोजच्या वाटा आहेत. पन्नास वर्षं घोटलेलं ते एकसंध बाहेर येतं, शब्द निवडून जुळवावा लागत नाही. शिवाय चाल आणि ताल सांभाळण्यात मेंदूचा उजवा अर्धाही मोठा हात लावतो, आणि तात्यांचा तो अर्धा शाबूत आहे. "मला चहा दे" हे मात्र दरवेळी नवीन वाट काढण्याचं काम आहे. चहा हा शब्द शोधायचा, 'मी'चं 'मला' करायचं, 'दे' की 'द्या' ते समोर सून आहे की बायको यावरून ठरवायचं, मग ओठ-जिभेला तो क्रम द्यायचा. आपण हे पापणी लवायच्या आत करतो, म्हणून त्याचं काही वाटत नाही. गाडीवानाशिवाय हे होत नाही, आणि तात्यांचा गाडीवानच जायबंदी झालाय. बोलता न येणारा पण भजन म्हणणारा माणूस ही काही जतची नवलाई नाही. स्वीडनमध्ये अठराव्या शतकात असाच एक माणूस नोंदवला गेलाय. बोलणं गेलेलं, पण चर्चमधली भजनं म्हणायचा.

शिवीचंही तसंच. ती रागाबरोबर आपोआप उसळते. शेजाऱ्यांना सांगा आणि सोडून द्या. तात्या त्या शिवीने तुम्हाला बोलत नसतात. बहुतेक वेळा ते स्वतःवरच वैतागलेले असतात.

"त्यांना कळतं का?" या प्रश्नाचं उत्तर जरा नीट वाचा. इथे घरोघरी दोन टोकं असतात. एक म्हणतो सगळं कळतं, दुसरा म्हणतो काहीच कळत नाही. तात्या माणसं ओळखतात, घर ओळखतात, कुणी आपल्याबद्दल वाईट बोललं की चेहऱ्यावरून ओळखतात. छोटं, समोरासमोरचं वाक्य बहुतेक कळत असावं. पण लांबलचक वाक्य, चार माणसांचा गलका, टीव्हीवरच्या बातम्या, "मोटर बंद करून येताना दावणीवरची दोरी आणा आणि ह्यांना सांगा" असली मालगाडी, यातलं निम्मं सांडतं. अफेझियात समजण्यावरही थोडाफार मार बसतोच, कुणाला कमी, कुणाला जास्त. काहींचं तर उलटं होतं. बोलणं भरभर येतं, लय बरोबर, पण शब्दांना अर्थ नाही, आणि दुसऱ्याचं फारसं कळत नाही. जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, हा प्रकार वर्णन केला. त्यातला बिघाड आणखी मागे, कानाच्या वरच्या बाजूला असतो. असे रुग्ण तर थेट वेडे ठरतात. तुमच्या पत्रावरून तात्या त्या प्रकारात बसत नाहीत, पण नेमकं मोजमाप तपासणीतच होईल.

'हो' आणि 'नाही' यात मात्र फार मोठी फसगत आहे. तात्यांना मान हलवायची सवय लागली असेल. माणूस गोंधळला, दमला किंवा समोरच्याला नाराज करायचं नसेल, की मान हलवतो. काहींचं डोकं 'नाही' म्हणत असतं आणि मान 'हो' करते. म्हणून महत्त्वाचं काही असेल तेव्हा प्रश्न उलटा करून पुन्हा विचारा. "चहा पाहिजे?" मान हलली. थोड्या वेळाने, "ताक पाहिजे?" त्यालाही हलली, तर ती मान उत्तर नाही. त्यापेक्षा चहाचा कप आणि ताकाचा तांब्या दोन्ही समोर धरा आणि हात कुठे जातो ते बघा.

भावजींच्या वाटणीचं उत्तर याच मानेत आहे, म्हणून इथेच सांगते, आणि गोड करून सांगणार नाही. मान हलली म्हणजे संमती झाली नाही. तात्यांना वेड लागलेलं नाही, जमीन त्यांची आहे आणि ती कुणाला द्यायची हे ठरवण्याचा हक्कही त्यांचाच आहे. पण कागद वाचून दाखवला, मान हलली, डाव्या हाताचा अंगठा उठवला, असं उरकलेलं हक्कसोडपत्र उद्या कोर्टात दोन्ही भावांच्या गळ्यात पडेल. व्यवहार समजून केलेला नसेल तर तो कायद्यात टिकत नाही. आधी स्पीच थेरपिस्टची आणि मेंदूच्या डॉक्टरची तपासणी होऊ द्या, किती समजतं ते लेखी घ्या. मग शेताचा नकाशा, बांधांचे फोटो, दोन्ही मुलांचे फोटो समोर ठेवून, दोन वेगळ्या दिवशी, उलटसुलट विचारा. दोन्ही दिवशी हात एकाच फोटोकडे गेला तर वकिलाला बोलवा. भावजींना हे जड वाटेल. वाटू दे.

मोतीचं दुखणं हलकं आहे, पण ते तुमच्या लेकीचं आहे, म्हणून ते टाळायचं नाही. मलाही दोन मुली आहेत आणि मी रोज एकीला दुसरीच्या नावाने हाक मारते, कधी कधी तर दोघींना माझ्या बहिणीच्या. घरातल्या लाडक्यांची नावं मेंदूत जवळजवळ ठेवलेली असतात, घाईत शेजारचं नाव हाती लागतं. तात्यांचं तेच होतंय, फक्त जास्त वेळा आणि दुरुस्त न करता येण्यासारखं. मुलीला सांगा, आजोबांना तुझं नाव माहीत आहे, तोंडातून दुसरंच निघतं, आणि जे निघतं ते घरातल्या त्यांच्या सगळ्यात लाडक्या प्राण्याचं असतं. ती हसेल बहुतेक. मग तिला 'मोती' म्हटल्यावर कुत्र्यासारखी भुंकायची परवानगी द्या. तात्याही हसतील. घरात सात महिन्यांत कोण हसलंय?

आणि अंगात येणारी म्हातारी. ताई, 'नीरु' म्हणजे कानडीत पाणी. तात्यांना तहान लागलेली असते! त्यांच्या आईने पाणी हा शब्द त्यांना आधी त्या भाषेत दिला. मराठी दाराने शब्द निघेना, म्हणून कानडी दार उघडलं, एवढीच त्यातली करणी. आपल्या सीमाभागात दोन-तीन भाषा बोलणारी माणसं पावलोपावली आहेत. अशांना अफेझिया झाला की कुठली भाषा आधी परतते, यावर दीडशे वर्षं वाद चालू आहे. फ्रान्समधले मानसशास्त्रज्ञ रिबो यांचं म्हणणं, लहानपणची आधी. तिथलेच डॉक्टर पीत्र यांनी १८९५ मध्ये म्हटलं, आजाराच्या आधी जी जास्त वापरात होती ती आधी. प्रत्यक्षात पुष्कळांच्या दोन्ही भाषा साधारण बरोबरीनेच सुधारतात, काहींची एकच पुढे धावते, काही दोन्ही एका वाक्यात मिसळतात. तुम्हाला करायचं ते सोपं आहे. 'नीरु' म्हटलं की पाणी द्या, आणि देताना शांतपणे म्हणा, "पाणी. हे घ्या पाणी." "मराठीत बोला" म्हणून अडवू नका. घरात थोडं कानडी येणारं कुणी असेल, अथणीकडचे मामेभाऊ वगैरे, तर त्यांना आठवड्यातून एकदा तात्यांजवळ बसवा. बायका काय म्हणायचं ते म्हणोत.

वेखंड बंद करा. लकव्यानंतर गिळण्याचे स्नायूही दुबळे असू शकतात. जिभेवर काही उगाळून ठेवलं आणि ते श्वासनलिकेत गेलं, तर न्यूमोनियापर्यंत मजल जाते. पाणी पिताना ठसका लागतो का, हेही बघा आणि लागत असेल तर डॉक्टरांना सांगा. कबुतराबद्दल मी काही लिहीत नाही, त्या बिचाऱ्याला उडू द्या.

पाटी-पेन्सिल देऊन "लिहून दाखवा" म्हणायचा मोह आवरा. बोलता येत नाही तर लिहून सांगतील, असं सगळ्यांना वाटतं. पण भाषाच दुखावली असेल तर ती लिहितानाही अडते आणि वाचतानाही. हातवाऱ्यांचीही संपूर्ण सुटका नसते. जन्मतः बहिऱ्या, हातांच्या खुणांची भाषा बोलणाऱ्या माणसांना डाव्या बाजूचा झटका आला तर त्यांच्या खुणांतही अफेझिया दिसतो. भाषा जिभेत नसते, हे यापेक्षा कशाने सिद्ध होईल? तरीपण बोट दाखवणं, वस्तू उचलून दाखवणं, चित्र काढणं, अंक, पैसे, नकाशा, यातलं काहीतरी बऱ्याच जणांना उरतं. तात्यांना काय उरलंय ते शोधायचं आहे. शोधायला कुठून सुरुवात करायची, ते शेवटी सांगते.

घरात आजपासून काय बदलायचं? पहिलं आणि सगळ्यात मोठं म्हणजे परीक्षा बंद. पाहुणा आला की, "तात्या, हे कोण आलंय सांगा बघू!" "याला काय म्हणतात? च... च... अहो चहा!" हे मी शेकडो घरांत ऐकलंय. प्रेमाने विचारतात, पण समोरच्या म्हाताऱ्याला दिवसातून वीस वेळा चारचौघांत नापास करतात. तुम्हाला उत्तर माहीत आहे असा प्रश्न त्यांना विचारू नका. त्याऐवजी सांगा. छोटी वाक्यं, सावकाश, समोर बसून, टीव्ही बंद करून. "आज पाऊस झाला." थांबा. "बागेत पाणी साचलंय." थांबा. "मोटर बंद केली." लहान मुलाशी बोलतो तसं बोबडं नको आणि ओरडूनही नको. त्यांचे कान गेलेले नाहीत.

ते बोलू पाहत असतील तेव्हा मनात दहापर्यंत मोजा. तेवढा वेळ खरंच लागतो. आपल्याला तो तासभर वाटतो आणि आपण त्यांचं वाक्य पुरं करून टाकतो. माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी यायचे. सगळी उत्तरं त्यांची पत्नीच द्यायची, अगदी "दुखतंय का" याचंही. एके दिवशी मी त्या बाईंना चहा आणायला बाहेर पाठवलं, तर गुरुजींनी दहा मिनिटांत तीन शब्द काढले. थांबूनही शब्द नाहीच आला, तर मग प्रॉम्प्टरचं काम करा. नाटकात विंगेतला माणूस अख्खं वाक्य म्हणत नाही, पहिलं अक्षर सोडतो आणि नट पुढे जातो. तसं "च..." एवढंच. नाहीच जमलं तर कप दाखवा, चहा द्या. चहासाठी बोलायला लावायचं म्हणून चहा अडवून धरू नका, मी असली घरंही पाहिली आहेत.

अभंगाचा उपयोग करून घ्या. १९७३ साली बोस्टनच्या तज्ज्ञांनी गाण्याच्या आधाराने बोलणं बसवण्याची पद्धत मांडली. तिचा गाभा असा की रोजची वाक्यं सुरात म्हणायची, दर अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने हलका ठेका धरायचा, आणि मग हळूहळू सूर कमी करत साध्या बोलण्यावर आणायचं. तात्यांसारख्या रुग्णांना, ज्यांना समजतं बऱ्यापैकी पण शब्द निघत नाहीत, तिचा फायदा होण्याची शक्यता जास्त. घरी सुरुवात अशी करा. तुम्ही आणि तात्या मिळून अभंग म्हणा, आणि ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी तुम्ही गप्प व्हा. तो शब्द त्यांच्याकडून येईल. मग त्याच चालीत "चहा-दे" आणा, "पा-णी" आणा. एक लक्षात ठेवा, नुसतं भजन रोज लावून दिलं म्हणून बोलणं सुटत नाही. भजन हे भजनच राहतं. सूर वाक्यापर्यंत नेण्याचं काम कुणीतरी शिकवावं लागतं.

ते शिकवणारा माणूस म्हणजे स्पीच थेरपिस्ट. आणि नाही, उशीर झालेला नाही. पहिले तीन महिने सुधारणा सगळ्यात वेगाने होते हे खरं, तो काळ गेला याचं मलाही वाईट वाटतं. पण दार बंद झालेलं नाही. जर्मनीत २०१७ साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात १५६ रुग्ण होते, सत्तरीपर्यंतचे, आणि सगळ्यांना झटका येऊन सहा महिने किंवा त्याहून जास्त झालेले. तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास अशी कसून थेरपी दिल्यावर त्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. यातला 'दहा तास' हा भाग महत्त्वाचा. महिन्यातून एकदा मिरजेला जाऊन अर्धा तास बसलात तर पेट्रोल जळेल, दुसरं काही नाही. म्हणून पहिल्यांदा दोन-तीन आठवडे मिरज-सांगलीत नातेवाइकांकडे राहून रोज जा, घरातल्या एकाने सोबत बसून सराव शिकून घ्या, आणि मग गावाहून व्हिडिओ कॉलवर चालू ठेवा. व्हिडिओवर थेरपी चालते. थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ते आधी विचारा. बोर्ड लावून बसलेल्या सगळ्यांकडे ती नसते. कानडी येणारा थेरपिस्ट मिळाला तर सोन्याहून पिवळं.

आणि एक सरकारी गोष्ट, जी कुणी तुम्हाला सांगितलेली नसेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगता मोजली आहे आणि वाचा व भाषा दिव्यांगतेच्या व्याख्येत अफेझियाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. लोक फक्त हात-पायाचं प्रमाणपत्र काढतात आणि बोलण्याचं राहून जातं. दुखणं स्थिर झालं असं डॉक्टर म्हणाले की दोन्हींची तपासणी मागा आणि यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करा.

तात्या भिंतीकडे तोंड करून पडून राहतात का? जेवण कमी झालंय का? पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण झटक्यानंतर तीनातल्या एका माणसाला उदासीचा आजार धरतो, आणि ज्याला बोलता येत नाही त्याचा तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तसं असेल तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांच्या कानावर घाला, त्यावर औषध आहे. बीपीची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. तंबाखू चालू असेल तर ती थांबवायची. आणि पुन्हा कधी तोंड वाकडं झालं, हात गळाला, आहे तेवढं बोलणंही अचानक गेलं, तर वारं उतरायची वाट न बघता लगेच निघायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि जतहून निघायचं तर त्यातला बराच वेळ रस्त्यात जाणार.

आता शोधायला कुठून सुरुवात करायची ते. तुम्ही लिहिलंत की तात्यांनी चाळीस वर्षं बैलांची दलाली केली. खरसुंडीच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली हात घालून बोटं दाबतात. म्हणजे तात्यांचा अर्धा जन्म न बोलता बोलण्यात गेलाय! उजवा हात लुळा असला तरी डावा आहे. उद्या संध्याकाळी, घरात गर्दी नसताना, त्यांच्यासमोर बसा, एक टॉवेल घ्या, त्यांच्या डाव्या हातावर टाका आणि आपला हात त्याखाली घाला. दुसरं काही विचारू नका, "एका बैलाचं काय देणार?" एवढंच म्हणा. बोटं हलतील तशी आकडे लिहून ठेवा, चुकले तरी दुरुस्त करू नका. जमलं तर मुलीलाही तो खेळ शिकवू द्या, तिला शिकवताना ते गुरू असतील. आणि पंच्याहत्तर हजार सांगायला कुठली बोटं धरायची, ते त्यांच्याकडून नीट समजून घेऊन मला पुढच्या पत्रात लिहा.